दिवेलागणीचे छायाचित्रण



भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली तळी, पवनीची तटबंदी, वैनगंगेचे घाट, तुमसरजवळचा आंबागड, हे सारे आपण उन्हात पाहतो आणि उन्हातच त्यांची छायाचित्रे काढतो. परंतु या स्थळांचे खरे रूप दिवेलागणीस प्रकट होते, असे आम्हांस वाटते. ते टिपावे कसे, एवढेच आज सांगावयाचे आहे. आरंभ आमच्याच एका चुकीपासून करतो.

गोसीखुर्द धरणाची कोनशिला 1988 साली बसली. पुढे बुडीत क्षेत्रातील गावे उठू लागली, तेव्हा अशाच एका गावी आम्ही संध्याकाळी गेलो होतो. निम्मी घरे उतरवून झाली होती. एका अंगणात एक आजी तुळशीपाशी दिवा लावीत होत्या. आम्ही घाईघाईने फ्लॅश उडविला. चित्रात आली ती पांढरीफटक भिंत आणि तिच्यामागे काळोख. ज्योत कोठेच नव्हती! पुन्हा येऊ म्हणून परतलो. पुन्हा गेलो तेव्हा त्या अंगणावर पाणी होते.

त्या ज्योतीस वेळ हवा होता आणि आम्ही तिच्यावर दुसराच उजेड ओतला. मंद प्रकाशातील छायाचित्रणाचे मर्म हेच, की उजेड आणू नये, वेळ द्यावा. प्रकाश निम्मा झाला तर शटर दुप्पट वेळ उघडे ठेवावे, हा त्याचा साधा हिशेब.

मात्र आपल्याकडे संधिप्रकाश फार थोडा टिकतो. मावळलेला सूर्य क्षितिजाखाली 6 अंश जाईपर्यंतचा काळ मार्च महिन्यात भंडाऱ्यास सुमारे 22 मिनिटांचा, तर लंडनला सुमारे 33 मिनिटांचा असतो. तेव्हा तिकडच्या पुस्तकांतला ‘निळा तास’ वाचून निवांत राहणारा येथे फसतो. तेवढ्या अवधीत उजेड जवळजवळ शंभरपटीने घटतो, म्हणजे सरासरीने दर तीन-सव्वातीन मिनिटांस निम्मा होतो. आता 1 सेकंद पुरत असेल तर थोड्याच वेळात 2 लागतील, मग 4. मग तयारीला वेळ उरतो कोठे?

म्हणून तयारी उजेडी करावी. तासभर आधी पोहोचावे. ट्रायपॉड वाळूत खचतो, यास्तव त्याच्या पायांखाली चपटे दगड ठेवावेत. दरवाजाच्या वा बुरुजाच्या कडेवर फोकस साधून तो तेथेच कायम करावा. कॅमेऱ्याची संवेदनशीलता कमी ठेवावी, नाहीतर चित्रात दाणे उमटतात. बोटाच्या दाबाने कॅमेरा हलतो, म्हणून टायमर 2 सेकंदांवर लावून हात दूर घ्यावा. तळ्यातले प्रतिबिंब आकाशाहून काळसर असते, हेही ध्यानात असू द्यावे.

मग थांबावे. एक क्षण असा येतो की घरातील दिव्याचा उजेड आणि आकाशाचा उजेड तोलास तोल होतात. चित्र त्या क्षणाचे! त्याआधी दिवा दिसत नाही, त्यानंतर आकाश काळे पडते. रात्री तारे टिपावयाचे असतील तर 500 या आकड्यास भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे. 24 मिलिमीटरचे भिंग असेल तर सुमारे 20 सेकंद येतात. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यास त्याहूनही कमी. अधिक थांबलात तर ताऱ्यांच्या रेघा होतील.

आमच्या तरुण मित्रांस एकच विनंती आहे. आपल्या गावची एक संध्याकाळ अशी टिपून ठेवा आणि चित्रामागे गावाचे नाव व तारीख लिहा. आम्हांस दुसरी संध्याकाळ मिळेलसे वाटले होते. ती मिळाली नाही.