आईकडे बोट दाखवण्यापूर्वी



घरात कोणाला मधुमेह झाला तर आपण चारचौघांत बोलतो, पथ्यपाणी विचारतो. पण पंचविशीतला मुलगा एकटाच कोणाशी तरी बोलू लागला, अन्नात विष कालवले आहे म्हणून ताट दूर सारू लागला, की आपण दार लावून घेतो. मग देवाला गाऱ्हाणे घालून होते, कौल लावून होतो, आणि कोणी वडीलधारा म्हणतो, 'लग्न करून द्या, ताळ्यावर येईल.' (त्या बिचाऱ्या मुलीचा विचार कोणी केलेला नसतो.) वैद्यकात या विकाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात, मराठीत छिन्नमनस्कता. या साऱ्या खटाटोपात रात्र रात्र जागी असते ती आई.

औषधांबरोबर घरच्या माणसांनाही समोर बसवून आजाराची ओळख करून द्यायची, वागावे कसे ते शिकवायचे, याला कुटुंबोपचार म्हणतात. या उपचाराला येणाऱ्या आईच्या मनात धाकधूक असते. 'माझेच काही चुकले, असे सांगायला तर बोलावले नाही ना?' ही भीती वेडगळ नव्हे. ती शास्त्रानेच पेरली. फ्रीडा फ्रॉम-राइशमन या नामांकित मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९४८ साली आईच्या वागण्यातून हा विकार उपजतो, अशा अर्थाचा शब्द रूढ केला. पुढे तो सिद्धान्त टिकला नाही. पण आयांच्या मनातून तो गेला का?

आपल्या देशात याच्या उलट वाट अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात दाखवली. त्यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांबरोबर नातेवाइकांनाही राहू दिले. घरची माणसे आरोपी नव्हेत, उपचारातली सोबती आहेत, ही त्यामागची दृष्टी.

त्याच सुमारास लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, घरी सतत टोचून बोलणे किंवा अतिकाळजी असेल तर आजार पुन्हा उलटण्याचा संभव वाढतो. हे खरे आहे. पण येथेच आई पुन्हा दुखावते. आज आंघोळ केली नाहीस म्हणून ती करवादते, आणि तीच तीस वर्षांच्या मुलाला घास भरवते. तिला नुसते 'असे करू नका' म्हटले तर तो दोषारोपच झाला. आंघोळीचा कंटाळा हा आळस नव्हे, उमेद खाणारा तो आजारच आहे, हे समजावून दिले तर तिचे करवादणे आपोआप ओसरते. भासांवर वाद घालू नये, 'मला आवाज ऐकू येत नाही, पण तुला भीती वाटते हे कळते' असे म्हणावे. एका वेळी एकच काम सांगावे. एवढ्याशा गोष्टींनी घरातला ताण सैल होतो. आणि अतिकाळजीचे म्हणाल, तर माझ्या मते तिच्यात मायेइतकाच एकटेपणाही असतो. दुसरे कोणी हात लावीत नाही, म्हणून सारे तीच करते.

डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारातून हे दुःख जवळून पाहिले. पुण्यात १९९७ साली त्यांच्या पुढाकाराने स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. 'देवराई' हा २००४ सालचा चित्रपटही याच विषयाचा. त्यात आजारी भावाची काळजी बहीण वाहते. स्वमदत गटात एक आई दुसऱ्या आईसमोर बसली की, घरी कधी न उच्चारलेला प्रश्न बाहेर येतो: 'माझ्यामागे याला कोण?'

या प्रश्नाचे उत्तर आईला शिकवून मिळत नाही. ते वडिलांना, भावंडांना त्या खोलीत आणून बसवल्यानेच मिळेल. आपल्याला रत्नागिरीचे मनोरुग्णालय काही परदेश नव्हे. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर मोफत सल्लाही मिळतो. चतुर्थीला मुंबईचा चाकरमानी घरी येतो. त्याने रजा एक दिवस वाढवून घ्यावी, आणि आईबरोबर डॉक्टरांकडे जावे.