दुसरे औषधही लागू पडले नाही तर



फेफरे हा दैवी कोप नव्हे, बाहेरची बाधा नव्हे आणि स्पर्शाने पसरणारा रोगही नव्हे. तो मेंदूचा विकार होय. ही जाणीव आता खेड्यापाड्यांतही रुजू लागली आहे. हिंदू विवाहविषयक कायद्यातील अपस्माराची अट 1999 साली वगळण्यात आली. परंतु औषधे नियमित घेऊनही झटके थांबत नसतील तर पुढे काय करावे, हे मात्र अनेक कुटुंबांस ठाऊक नसते.

मुंबईतील पारशी समाजाच्या 1988 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अपस्माराचे प्रमाण दर हजारी 4.7 आढळले. तेच प्रमाण धरले, तर पाच हजार वस्तीच्या गावात वीस-पंचवीस रुग्ण असावेत. योग्य औषधोपचार मिळाल्यास शंभरांतील सत्तरांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा.

त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी 2010 मध्ये एक निकष घालून दिला. योग्य निवडलेली दोन औषधे, योग्य मात्रेत व नियमित घेऊनही झटके थांबले नाहीत, तर तो अपस्मार औषधांना दाद न देणारा समजावा. अशा रुग्णास विशेष केंद्रात पाठवावयास हवे. प्रत्यक्षात तिसरे, चौथे औषध सुरू होते, दवाखाने बदलतात आणि वर्षे निघून जातात. तोवर मुलाची शाळा सुटते. विहीर, चूल आणि नदीकाठ त्याला वर्ज्य होतात.

हा विलंब टळावा म्हणून संगणकाचे साहाय्य घेण्यात येऊ लागले आहे. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी तयार केलेली अशी एक प्रश्नावली 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. झटके कोणत्या प्रकारचे व किती वेळा येतात, किती औषधे वापरून झाली, त्यांचा त्रास होतो काय, ईईजी व एमआरआय तपासणीत काय आढळले, ही माहिती डॉक्टरांनी भरली की रुग्णास पुढील तपासणीसाठी पाठवणे योग्य ठरेल किंवा नाही, याचा सल्ला मिळतो. हा सल्ला तपासणीपुरता असतो. शस्त्रक्रिया करावी की नाही, हे तज्ज्ञ व कुटुंब मिळून ठरवितात.

शस्त्रक्रियेचे फळ काय, याचे उत्तर आपल्याच देशात मिळाले आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने औषधांना दाद न देणाऱ्या 116 मुलांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या गटातील 57 पैकी 44 मुले एक वर्षानंतर झटक्यांपासून मुक्त होती. केवळ औषधे घेणाऱ्या 59 पैकी अवघी 4. मात्र शस्त्रक्रियेच्या गटातील 19 मुलांना हातापायांतील अशक्तपणासारखे गंभीर त्रासही झाले. म्हणूनच आधीची तपासणी अत्यंत काटेकोर असावी लागते. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय व तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा संस्था येथे अशा शस्त्रक्रिया होतात.

गगनबावडा, शाहूवाडी वा चंदगड तालुक्यातील कुटुंबास एवढा प्रवास म्हणजे रोजगार बुडवून केलेला खर्च. तो निष्फळ ठरू नये यासाठी खरी मदत गावातूनच व्हावयास हवी. संगणकाचा सल्ला त्यास दिलेल्या माहितीवर अवलंबून असतो, आणि झटका पाहणारे बहुधा शिक्षक, आई-वडील वा शेजारीच असतात. झटक्याची तारीख, वेळ, तो किती मिनिटे टिकला, सुरुवात कोणत्या बाजूने झाली, चुकलेल्या गोळ्या आणि आजवरच्या औषधांची नावे एका साध्या वहीत लिहावीत. कुटुंबाच्या संमतीने मोबाइलवर चित्रण करून ते डॉक्टरांना दाखवावे.

झटका आला असता रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, चप्पल वा कांदा हुंगवू नये. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे. डॉक्टरांना विचारल्याविना गोळ्या कधीही बंद करू नयेत.

ग्रामपंचायतींनी आशा कार्यकर्तींच्या साहाय्याने, गुप्तता राखून, दोन औषधांनंतरही झटके येणाऱ्या रुग्णांची विचारपूस करावी. त्यांना वहीसह प्राथमिक आरोग्य केंद्रात व तेथून कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात पाठवावे. “पुढील तपासणीची गरज आहे काय?” हा प्रश्न तेथील डॉक्टरांना विचारण्याचा प्रत्येक कुटुंबास अधिकार आहे.