डेल्फ्टच्या कापडवाल्याची चूळ

मित्रहो, व्याख्यानाआधी चहा झाला, बटाटावडाही झाला. त्यानंतर चूळ किती जणांनी भरली, हे मी विचारत नाही. दंतवैद्याला उत्तर आपोआप कळते.

आजच्या विषयाची सुरुवात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी करू. लेव्हेनहूक हा तिथला कापडाचा व्यापारी, भिंगे घासण्याचा नादिष्ट. रोज मीठ लावून दात चोळायचा. तरी फटीत पिठासारखे पांढरे काहीतरी उरे. ते त्याने पाण्यात कालवून भिंगाखाली धरले, तर जिवंत जीव वळवळताना दिसले! 1683 साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला हे कळवले. पण मला त्याचा पुढचा उद्योग जास्त आवडतो. त्याने जहाल व्हिनेगरने खळाखळा चूळ भरली आणि पुन्हा पाहिले. दातांवरच्या थरातले जीव मजेत होते. तोच थर पाण्यात विरघळवून त्यात व्हिनेगरचा थेंब टाकला, तर सगळे मेले. त्याने अनुमान काढले की व्हिनेगर वरवरच्यांनाच मारते, थराच्या आत शिरत नाही.

माउथवॉशच्या बाटलीवर छापायला हवे ते हेच. दातांवरचा प्लाक म्हणजे चिकट वस्ती, नळाखालच्या शेवाळासारखी. नुसते पाणी ओतून शेवाळ जाते का? खराटाच लागतो.

हिरड्या या थरामुळेच सुजतात, हे डेन्मार्कमध्ये आरहुसला हाराल्ड लो यांनी दाखवले. 12 जणांनी, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणे चक्क बंद केले. 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या लालसर, सुजलेल्या. पुन्हा घासायला लागल्यावर सूज उतरली. ते साल 1965. पाच वर्षांनी त्यांनी आणि शिऑट यांनी घासणे बंद ठेवून 0.2 टक्के क्लोरहेक्सिडीनच्या दिवसातून दोन चुळा दिल्या, तर थर धरेचना!

मग ब्रश फेकायचा का? नाही. ते दात आधीच स्वच्छ होते. क्लोरहेक्सिडीन दाताला चिकटून तासन्‌तास हळूहळू सुटत राहते आणि नवा थर बसू देत नाही. जुन्या, जाड थरापुढे मात्र त्याचीही गत डेल्फ्टच्या व्हिनेगरसारखीच. आणि कीटण एकदा दगडासारखे झाले की ना ब्रश, ना चूळ. ते खरवडूनच काढावे लागते.

शिवाय हे औषध महिनोन्‌महिने वापरायचे नव्हे. दातांवर तपकिरी डाग पडतात, जिभेची चव बिघडते. आमटीत मीठ कमी म्हणून घरात वाद होतात. शस्त्रक्रियेनंतर, हाताला कंप असलेल्यांना, किंवा रक्त येते म्हणून नेमकी तीच जागा घासायला घाबरणाऱ्यांना ते आठ-पंधरा दिवस फार उपयोगी पडते. रक्त येते तिथेच खरे तर मऊ ब्रश फिरवायचा असतो. मिश्री लावून हिरड्या घट्ट होतात म्हणणाऱ्या आजीबाईंना मी हात जोडतो. ती तंबाखू आहे, आजी.

पहिली चिठ्ठी आली आहे: ‘ब्रश केल्या केल्या माउथवॉश घेतला तर?’ क्लोरहेक्सिडीन असेल तर अर्धा तास थांबा. टूथपेस्टला फेस आणणारे द्रव्य त्याला निकामी करते. आणि चूळ थुंकल्यावर लगेच पाण्याने तोंड धुऊ नका. पुढची चिठ्ठी?