अवटू, आवाज आणि आईची सही



साहित्याच्या प्राध्यापिकेने ग्रंथांवर बोलावे, ग्रंथींवर कशाला, असे संयोजकांपैकी एकजण हसत म्हणाले. पण विषय ‘आजार आणि भाषा’ असल्याने घरातलीच गोष्ट सांगते.

माझे सासर डिचोलीत, माहेर पेडणे तालुक्यात. आईच्या गळ्याला लिंबाएवढी गाठ होती. कित्येक वर्षे ती पदराआड राहिली. गावात तिला गलगंडच म्हणत. शब्द जुना, सुश्रुतसंहितेत या विकाराचे वर्णन आहे. पुढे आपल्या परिभाषाकारांनी थायरॉइडला ‘अवटू ग्रंथी’ म्हटले. अमरकोशात अवटू म्हणजे मानेची मागची बाजू आणि ही ग्रंथी तर गळ्याच्या पुढे, श्वासनळीला बिलगून! थायरॉइड हा शब्द ग्रीकमधल्या ढालीवरून आला, तो निदान पुढे तरी धरतात.

आईला वाटे, आगरवाड्याच्या मिठागरांचे मीठ खाणाऱ्यांना हा रोग होणारच नाही. पण समुद्राच्या साध्या मिठात आयोडीन जेमतेमच असते. ते वेगळे मिसळावे लागते. आपल्या देशात त्यासाठी 1962 पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. शिवाय प्रत्येक गाठ आयोडीनच्या अभावाचीच असते असेही नाही. आईची तशी नव्हती. ती वाढत श्वासनळी दाबू लागली, तेव्हा शस्त्रक्रिया ठरली.

ही शस्त्रक्रिया एकेकाळी जीवघेणी होती. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे थिओडोर कोखर यांनी ती सुरक्षित केली आणि 1909 साली त्यांना नोबेल मिळाले. मला मोठी वाटते ती त्यांची दुसरी गोष्ट. संपूर्ण ग्रंथी काढलेले आपले रुग्ण पुढे सुजलेले, मंद, थंड होत गेलेले त्यांनी पाहिले आणि 1883 साली ते स्वतःच मांडले. आज ती उणीव सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या एका गोळीने भरून निघते. ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटू ग्रंथी असतात. त्या दुखावल्या तर रक्तातले कॅल्शियम उतरते, बोटांना मुंग्या येतात. आणि तिथूनच स्वरयंत्राकडे जाणारे मज्जातंतू जातात. अमेलिता गाली-कुर्ची या ऑपेरा गायिकेची 1935 साली शिकागोत अशीच शस्त्रक्रिया झाली. तिचा स्वर त्यात गेला असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली आहे.

माझी आई गायिका नव्हती. पण पौषात मांडावर धालो सुरू झाले की पहिली ओळ तिची असे.

रुग्णालयात संमतिपत्र आले, ते इंग्रजीत. आई म्हणाली, “बाये, तू शिकलेली, वाचून सांग.” मी सांगत गेले : भूल, रक्तस्राव, कॅल्शियम. आवाज बदलू शकतो, अशी एक ओळ होती. ती मी गाळली. ती ऐकली असती तर आईने सही केली नसती, याची मला खात्री होती. भाषांतर शिकवणारी मी. मूळ पाठाशी प्रामाणिक राहा, असे वर्गात तीस वर्षे सांगत आले.

शस्त्रक्रिया नीट झाली. गाठ साधी निघाली. पण आवाज घोगरा झाला. सहा महिन्यांत बोलणे सुधारले, वरचा स्वर मात्र परतला नाही. त्या पौषात ती मांडावर गेली, मागच्या ओळीत उभी राहिली. घरी आल्यावर मी तिला त्या ओळीबद्दल सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तेव्हाच सांगितले असतेस, तर त्या वर्षीचे धालो घालून मग गेले असते.”

सही तिने केलीच असती. फक्त दिवस तिने ठरवला असता. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

आता डिचोलीत शेजारपाजारच्या बायका दवाखान्याचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी ते कागद ओळीवर बोट ठेवून वाचते. ‘अवटू’ म्हणत नाही, थायरॉइडच म्हणते. पण आवाजाची ओळ आली की थांबते आणि ती दोनदा वाचते.