नाव कोणी ठेवायचे?



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘मोबाइल फोनमधील नव्या सोयी : खरेदी, फोटो आणि शब्द’ असा छापला आहे. तो वाचून काही श्रोत्यांना वाटले असेल, की वसंत ऋतूतील एक चांगली संध्याकाळ या विषयावर का खर्चावी? फोन कसा वापरावा हे सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. त्या बाबतीत या सभागृहात पुढच्या सतरंजीवर बसलेली दहा-बारा वर्षांची मुले आमच्यापेक्षा अधिक अधिकारी आहेत. आमचा प्रश्न थोडा निराळा आहे.

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत अवघ्या एका मात्रेचा फरक आहे. फोनला नावे ठेवणारी भाषणे पुष्कळ झाली. त्यांत आणखी एकाची भर घालण्याची आमची इच्छा नाही. फोनच आता वस्तूंना नाव ठेवू लागला आहे, याकडे मात्र आपले लक्ष वेधावयाचे आहे. आणि जो नाव ठेवतो तो कोणत्या कोशातून ठेवतो, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक भाषिकाला असतो, असे आम्हांस वाटते.

प्रथम नवे काय आहे ते पाहू. पूर्वी दुकानात जाऊन ‘अमुक द्या’ असे म्हणावे लागे. म्हणजे वस्तूचे नाव ठाऊक असणे ही खरेदीची पहिली अट होती. ती अट आता उरली नाही. कोणाच्या अंगावरचे लुगडे आवडले, कोणाच्या घरची समई आवडली, की तिच्यावर कॅमेरा रोखावा. तशाच दिसणाऱ्या वस्तूंची रांग किंमतींसह पडद्यावर येते. गूगल कंपनीने ‘लेन्स’ नावाची ही सोय २०१७ साली जाहीर केली. २०२४ च्या जानेवारीपासून काही फोनांत पडद्यावरच्या चित्राभोवती बोटाने वर्तुळ काढले तरी तेच काम होऊ लागले.

फोटोंची गोष्ट तशीच. २०१५ साली ‘गूगल फोटोज’ आले. हजारो फोटोंच्या ढिगात ‘समुद्र’, ‘वाढदिवस’, ‘कुत्रा’ असा शोध घेतला, की तेवढेच फोटो बाजूला निघतात. कोणीही त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या नसतात. आणि तिसरी सोय शब्दांची. २०१० साली ‘वर्ड लेन्स’ नावाचे एक ॲप निघाले. परक्या भाषेतील पाटीसमोर कॅमेरा धरला, की पाटीवरची अक्षरे पडद्यावर आपल्या भाषेत दिसत. पुढे २०१४ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली आणि २०१५ पासून ती विद्या गूगलच्या भाषांतराच्या ॲपमध्ये आली.

या सोयी लहान नाहीत. ज्या आजींना औषधाच्या पाकिटावरचे इंग्रजी वाचता येत नाही, त्यांना निदान ते कशाचे औषध आहे याचा अंदाज येतो. २०१७ साली गूगलच्या कळफलकात मराठी बोलून लिहिण्याची सोय झाली, तेव्हा ज्यांच्या बोटांना टंकलेखन कधीच जमले नसते अशा असंख्य माणसांना लिहिते होता आले. यंत्राने माणसाला जे दिले त्याबद्दल कृतघ्न होणे बरे नव्हे.

बाजार, चित्र आणि शब्द या तीन गोष्टी वरून निरनिराळ्या दिसतात; पण त्यांचे मूळ एक आहे. ही हकीकत फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

१९८५ च्या सुमारास अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने इंग्रजी भाषेचा एक नव्या तऱ्हेचा कोश आरंभिला. त्याचे नाव ‘वर्डनेट’. त्यात शब्द अकारविल्हे न लावता अर्थाच्या नात्याने लावले होते. म्हणजे गरुड हा पक्षी, पक्षी हा प्राणी, अशी वंशावळ. पुढे फेइ-फेइ ली या संशोधक बाईंच्या मनात आले, की या कोशातील प्रत्येक वस्तुवाचक शब्दापुढे शेकडो फोटो ठेवले, तर यंत्राला पाहावयास शिकवता येईल. त्यातून २००९ साली ‘इमेजनेट’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. पुढे तो १ कोटी ४० लाखांवर फोटो आणि सुमारे २२ हजार प्रकार एवढा वाढला.

हे फोटो निवडले कोणी? यंत्राने नव्हे. ॲमेझॉन या दुकानदार कंपनीने २००५ साली ‘मेकॅनिकल टर्क’ नावाची एक पेठ उघडली होती. तेथे जगभरची माणसे किरकोळ मोबदल्यावर बारीकसारीक कामे करीत. अशा हजारो माणसांनी एकेक फोटो पाहून ‘होय, हे तेच’ असा कौल दिला. त्या पेठेचे नावही अर्थपूर्ण आहे. १७७० साली युरोपात बुद्धिबळ खेळणारे एक ‘यंत्र’ दाखवीत असत. त्याला ‘तुर्क’ म्हणत, आणि त्याच्या पोटात एक माणूस दडलेला असे! याच संग्रहावर चालणाऱ्या स्पर्धेत २०१२ साली टोरांटो विद्यापीठातील जेफ्री हिंटन यांच्या चमूच्या यंत्राने केलेल्या चुका १५.३ टक्के निघाल्या; दुसऱ्या क्रमांकाच्या चुका होत्या २६.२ टक्के. त्या दिवसापासून यंत्राला डोळे फुटले असे म्हणावयास हरकत नाही.

म्हणजे पाहा, शब्द कोशातून आले, चित्रे फोटोंतून आली आणि दोहोंची गाठ बाजाराच्या पेठेत मारली गेली. खिशातील तिन्ही ॲपे या एकाच घरची भावंडे आहेत.

आता आमच्या प्रश्नाकडे येतो. ज्या कोशावर या डोळ्यांचे पहिले शिक्षण झाले तो कोश इंग्रजी होता. जी वस्तू इंग्रजी घरात नव्हती, तिला इंग्रजी कोशात घर कोठून मिळणार? आम्ही अशाच एका ॲपपुढे घरातली विळी ठेवून पाहिली. उत्तर आले : चाकू. मग खाली चाकूंची दुकाने! आता विळी म्हणजे चाकू नव्हे, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. चाकू भाजीवर चालतो. विळीवर भाजी चालते. पाट, बैठक, पायाचा दाब, पुढे खोबरे खवण्याची खवणी, एवढा सगळा संसार त्या एका शब्दात आहे. ‘चाकू’ म्हटल्याबरोबर तो संसार गेला. आजच्या मुलाला विळी ठाऊक नसेल आणि त्याने फोनला विचारले, तर त्याच्या लेखी ती वस्तू जन्मभर चाकूच राहील.

हे नाव चुकणे नेहमीच एवढे निरुपद्रवी नसते. २०१५ साली गूगलच्या याच फोटो-ॲपने काही कृष्णवर्णीय माणसांच्या फोटोंना ‘गोरिला’ असे नाव दिले. कंपनीने जाहीर माफी मागितली. तथापि उपाय काय केला, तर तो शब्दच शोधातून काढून टाकला! ज्याचे नाव यंत्राला नीट ठेवता येत नाही, ते नावच नाहीसे करावयाचे. भाषेचा अभिमान असणाऱ्याने या उपायाचा क्षणभर विचार करावा.

बाजाराकडे वळू. मराठीतून खरेदीची सोय हवी अशी मागणी महाराष्ट्रात २०२० मध्ये जोराने झाली, आणि २०२१ मध्ये फ्लिपकार्ट आणि ॲमेझॉन या दोन्ही दुकानांनी मराठी पाटी लावली. ही चांगलीच गोष्ट झाली. पण पाटी मराठी झाली म्हणून व्यवहार आपोआप सरळ होत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरात अशा ॲपांतील फसव्या युक्त्यांवर निर्देश काढले आणि तेरा प्रकार नाव घेऊन सांगितले. ‘आता फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे हा एक. न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी सरकवणे हा दुसरा. ‘नको’ म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्यरचना करणे हा तिसरा. आमच्या कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार काही धुतल्या तांदळाचा नव्हता. त्याच्या तराजूकडेही लक्ष ठेवावेच लागे. परंतु तराजू डोळ्यांसमोर होता. येथे तराजू दिसत नाही, म्हणून फसवणुकीला नाव मिळणे महत्त्वाचे. या तेरांना नाव मिळाले, तेव्हाच त्यांना नावे ठेवण्याची सोय झाली. अशी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तो फोनमध्ये जपून ठेवावा.

फोटोंच्या बाबतीत धोका निराळा आहे. २०२१ साली गूगलच्या फोनमध्ये ‘मॅजिक इरेझर’ म्हणून सोय आली. फोटोत नको असलेले माणूस बोटाने पुसता येते. २०२३ मध्ये पाच-सहा फोटोंतून प्रत्येकाचा हसरा चेहरा उचलून एकच फोटो जुळवण्याची सोय आली. लग्नाच्या पंगतीचा फोटो घ्या. कडेला हातात पाण्याचा जग घेतलेला एक मुलगा उभा आहे. त्याने चौकट बिघडते, म्हणून आपण त्याला पुसतो. पन्नास वर्षांनी त्या मुलाच्या नातवंडांना त्याचा तेवढाच एक फोटो जगात असावयाचा होता, हे आपल्याला कसे कळावे? जुन्या फोटोंची थोरवी त्यांच्या सौंदर्यात नव्हती. जे होते ते त्यांत राहून गेले, यात होती.

आणि शब्द? शब्द पाठ करविणाऱ्या ॲपांमागे जुनी आणि पक्की विद्या आहे. १८८५ साली जर्मनीत हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून माणूस किती वेगाने विसरतो हे मोजले. १९७२ साली सेबास्टियन लाइटनर यांनी चिठ्ठ्यांच्या पेट्यांची युक्ती सांगितली : आठवलेला शब्द लांबच्या पेटीत, विसरलेला जवळच्या पेटीत. आजची ॲपे तेच गणित करतात. तिन्हीसांजेला परवचा म्हणवून घेणाऱ्या आमच्या आज्यांना हे गणित ठाऊक नव्हते, पण गुण ठाऊक होता. फरक एवढाच, की ॲप रोजच्या हजेरीची साखळी मोजते आणि ती तुटू नये म्हणून धाक घालते. साखळी राखण्यासाठी शिकणारा आणि शब्दासाठी शिकणारा हे दोन विद्यार्थी वेगळे.

मग आम्ही करावयाचे काय? फोन फेकून देणे हे उत्तर नव्हे. ज्याने विळीला चाकू म्हटले त्याला विळी दाखविणे, हे उत्तर. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने कँडी बंधूंच्या व आपल्या शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या सुमारे साठ हजारांवर गेली. हे शब्द माणसांना विचारून विचारून मिळाले. त्या शास्त्र्यांनी सांगितले नसते, तर कोशात ते आले नसते. पुढे दाते-कर्वे यांनी १९३२ पासून ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड काढले, तेही असेच खपून. आजचा कोश यंत्राच्या पोटात तयार होत आहे, आणि त्याच्या पोटात आजही माणूसच आहे. तो माणूस मराठी असावा की नसावा, एवढाच प्रश्न आहे.

त्यासाठी दारे उघडी आहेत. २०२२ साली भारत सरकारने ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. त्यातील ‘भाषादान’ या भागात कोणीही मराठी वाक्ये बोलून, लिहून, भाषांतर तपासून देऊ शकतो. मोझिला संस्थेच्या ‘कॉमन व्हॉइस’मध्ये मराठी आवाज देता येतो. मराठी विकिपीडिया २००३ च्या महाराष्ट्रदिनापासून चालू आहे. तेथे विळीचा, बंबाचा, तिफणीचा फोटो नावानिशी चढविण्यास कोणाची परवानगी लागत नाही. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्यांनी तर हे अगत्याने करावे; त्यांचे शब्द पुण्याच्या कोशांतही पुरते आलेले नाहीत.

आणि घरात तीन साध्या गोष्टी कराव्यात. खरेदीचे ॲप उघडण्यापूर्वी काय हवे ते कागदावर लिहावे. ज्याचे नाव आपण घेऊ शकत नाही त्याची बहुधा आपल्याला गरज नसते. फोटो पुसण्याआधी, त्यात कोण आहे ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून खाली लिहावे. चेहरे जुळवून एकत्र लावणे फोनला येते. पण ‘ही ठाण्याची मावशी, हिनेच आईला शिकविले’ हे त्याला कोण सांगणार? आणि मुलाने एखादी वस्तू फोनला विचारण्यापूर्वी आजीला विचारावी. आजीला ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून फोनला विचारावे, आणि फोन चुकला तर दोघांनी मिळून हसावे.

२०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्ही पेढे वाटले. वाटावयासच हवे होते. परंतु तो दर्जा दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी आपल्या वस्तूंना आपली नावे ठेवली त्यांच्या पुण्याईचा आहे. आपल्या पुण्याईचे काय, ते पुढची पिढी आपल्या शब्दांत काय शोधू शकेल यावर ठरेल. आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरातील एक तरी अशी वस्तू शोधा, की जिचे नाव आपल्या मुलांना येत नाही. ते नाव त्यांना सांगा, मग यंत्राला सांगा. क्रम मात्र हाच ठेवा.