मोतीचे विमान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवी झाल्यावर शाळा सुटली आणि त्यानंतर उभे राहून बोलायचा प्रसंग म्हणजे फार तर हळदीकुंकवाला उखाणा घेणे. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या मोतीच्या पासपोर्टाची गोष्ट सगळ्या गावाला अर्धवट ठाऊक आहे, ती एकदा पुरी सांगून टाका." म्हणून उभी आहे. तुमच्यातल्या पुष्कळजणी मला हसल्या होत्या. आज हसायला हरकत नाही, पण शेवटपर्यंत ऐकून मग हसा.

मी स्वतः अजून विमानात बसलेले नाही. विमान म्हणजे सिद्धगडाच्या माथ्यावरून रात्री लुकलुकत जाणारा दिवा, एवढीच माझी ओळख. असे असून कुत्र्यामांजरांनी विमानात कसे बसावे याचे नियम मला तोंडपाठ झाले, ही गंमतच म्हणायची.

मोती आमच्याकडे कसा आला ते आधी सांगते. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना सिद्धगडाच्या जंगलात वीरमरण आले, त्यांना वंदन करायला आपल्याकडची माणसे दरवर्षी त्या दिवशी जातात. २०१४ साली माझी मुलगी शाळेतल्या मुलींबरोबर गेली होती. परतताना एक तांबूस पिल्लू तिच्या मागोमाग चालत घरापर्यंत आले. सासूबाई म्हणाल्या, "आला आहे तर राहू दे, हुतात्म्यांनी पाठवला आहे." तेव्हापासून तो घरचा. अंगाने गावठी, वजन सतरा किलो, स्वभावाने शहाणा. आपल्याकडे बिबट्याचा वावर आहे, अंगणातून कुत्री उचलून नेलेली तुम्ही पाहिली आहेत. म्हणून रात्री मोतीला पडवीत घेऊन दार लावण्याची आमची रीत पडली.

मुलगी नर्स झाली, कल्याणला नोकरीला लागली. रोज सायंकाळच्या एस.टी.ने यायची आणि मोती फाट्यावर जाऊन बसायचा. २०२३ साली ती जर्मनीला गेली. मोती फाट्यावर जायचा थांबला नाही. एस.टी. यायची, माणसे उतरायची, तो एकेकाला हुंगायचा आणि परत यायचा. मी फोनवर हे तिला सांगायला नको होते. पण सांगितले, आणि ती रडली. मग म्हणाली, "आई, मी मोतीला इकडे नेते."

आम्हाला वाटले, तिकीट काढले की झाले. ह्यांनी तर विचारले, त्याला खिडकीजवळची जागा मिळेल का! तसे नसते. आपल्या देशातच प्रत्येक विमान कंपनीचा कायदा निराळा. काही कंपन्या घरची जनावरे मुळीच नेत नाहीत. काही लहान जनावर माणसांच्या दालनात नेऊ देतात. आकासा नावाची कंपनी आहे, तिने नोव्हेंबर २०२२ पासून ही सोय केली, तेव्हा पिंजऱ्यासकट सात किलोपर्यंतचे जनावर जवळ नेता येई. पुढे मर्यादा वाढवली. वजनाचे आकडे असे बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या त्या कंपनीला विचारलेच पाहिजे. मात्र वजन नेहमी पिंजरा आणि जनावर मिळून धरतात, हे पक्के ध्यानात ठेवा. आपली मांजर चार किलोची आहे म्हणून निश्चिंत राहावे आणि पिंजरा जड निघावा, असे व्हायला नको. जवळ नेलेले जनावर पुढच्या आसनाखाली पिंजऱ्यातच राहते, मांडीवर घेता येत नाही. एका विमानात अशी एकदोनच जनावरे घेतात, म्हणून आधी कळवून परवानगी काढावी लागते. आगगाडीतदेखील फर्स्ट क्लासचा कूपे पुरा आपण घेतला तरच कुत्रा जवळ ठेवता येतो, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. तेव्हा विमानवाल्यांनाच नावे ठेवण्यात अर्थ नाही.

सतरा किलोच्या मोतीला वर जागा नव्हती. त्याने विमानाच्या पोटात जायचे. मला वाटले, तिथे थंडीने आणि हवेवाचून जीव जाईल. पण तसे नसते. जनावरांसाठी जो भाग असतो तिथे हवेचा दाब माणसांच्या दालनाइतकाच ठेवतात आणि ऊबही असते. फक्त अंधार, आवाज आणि एकटेपणा.

पिंजऱ्याचे नियम साऱ्या जगाच्या विमान कंपन्यांच्या संघाने ठरवलेले आहेत. कुत्र्याला आत डोके न टेकता ताठ उभे राहता आले पाहिजे, वळता आले पाहिजे, पाय पसरून निजता आले पाहिजे. माप घेताना कानाच्या टोकापर्यंत घ्यायचे. आम्ही पहिला पिंजरा आणला तो डोक्यापर्यंत मापून. मोतीचे कान उभे, ते छताला टेकले. दुकानदार परत घेईना. दुसरा आणला त्याला पाण्याचे भांडे दाराला बाहेरून भरता येईल असे होते, बाजूंना हवेची भोके होती, वरखाली जोडायला नटबोल्ट. तो महिनाभर पडवीत दार उघडे ठेवून मांडला आणि मोतीची भाकरी रोज त्यात ठेवली. आधी त्याने मान आत घालून फक्त भाकरी ओढून नेली. पंधरा दिवसांनी आत बसून खाऊ लागला. तिसऱ्या आठवड्यात आपणहून त्यात निजला. हे फार महत्त्वाचे आहे, कारण ज्या जनावराला पिंजरा घरासारखा वाटतो ते घाबरत नाही. पुष्कळजण झोपेचे औषध देऊन पाठवू म्हणतात. तसे करू नये. त्या औषधाने उंचावर श्वास आणि रक्तदाब बिघडतो, तोल जातो आणि पाहायला जवळ कोणी नसते. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशी चपट्या नाकाची जनावरे तर कित्येक कंपन्या पोटात घेतच नाहीत, त्यांना मुळातच श्वास कमी पडतो.

आता कागदांची गोष्ट. देशातल्या देशात पिसाळण्यावरची लस टोचल्याचा दाखला आणि जनावरांच्या डॉक्टरचा प्रवासाला योग्य असल्याचा दाखला लागतो. परदेशचे मात्र रामायण आहे. कानामागे नाही, मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात, तिच्यावर पंधरा आकड्यांचा नंबर असतो. आधी चिप आणि मग लस, असा क्रम हवा. आम्ही मोतीला दरवर्षी लस टोचून आणत होतो, दाखले डब्यात जपून ठेवले होते. पण चिप नव्हती, म्हणून त्या दहा वर्षांच्या लसी हिशेबात शून्य! जुलै २०२४ मध्ये भर पावसात टेम्पो करून त्याला परळला नेले, चिप बसवून लगेच लस टोचून घेतली. मग तीस दिवस थांबून रक्त काढले. ते युरोपने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासावे लागते, आणि त्यात लसीची ताकद ठराविक मापापेक्षा कमी भरली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. ताकद भरली. तरी रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने वाट पाहायची. शेवटी केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध कचेरीत कागद दाखवून निर्यातीचा दाखला घ्यायचा, आणि मालकाने जनावराच्या पाच दिवस आतबाहेर प्रवास केलाच पाहिजे. खर्च विचारू नका. म्हशाच्या जत्रेतून चांगली बैलजोडी आली असती, असे हे म्हणाले, आणि त्यांचे चुकले नव्हते.

एवढा जाच कशासाठी, असे मलाही वाटे. परंतु माझ्या माहेरी शेजारच्या एका मुलाला पिसाळलेला कुत्रा चावला होता. जखम लहान, म्हणून हळद लावून सोडून दिले. दीड महिन्याने त्याला पाण्याचे भांडे पाहून झटके येऊ लागले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, त्याच्या आईचा आवाज अजून कानात आहे. पाश्चरने १८८५ साली लस टोचून एका मुलाला वाचवले, आणि अजून आपल्याकडे माणसे या रोगाने जातात. जर्मनीने २००८ साली आपल्या कुत्र्याकोल्ह्यांतला हा रोग संपवला. ज्याने घर झाडून स्वच्छ केले तो पाहुण्याला पाय धुवायला सांगणारच. ब्रिटनमध्ये तर पूर्वी परदेशी कुत्र्याला सहा महिने कोंडून ठेवीत, २००० सालापासून त्यात सूट मिळू लागली. ऑस्ट्रेलिया आजही आपल्याकडचा कुत्रा थेट घेत नाही. आणि नियम वाकतातही. २०२२ साली युक्रेनच्या लढाईतून आपली मुले कुत्रीमांजरे पोटाशी धरून आली, तेव्हा आपल्या सरकारने त्यांच्यासाठी एकदा सूट दिली होती. ओघात सांगते, चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस फुकट मिळते.

नोव्हेंबर संपला, मुदत भरली. डिसेंबरात मुलगी रजेवर यायची होती. शेवटच्या तपासणीला मी एकटीच मोतीला घेऊन गेले. डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली, पुन्हा लावली, आणि म्हणाले, "वय झाले आहे, हृदयाचा आवाज नीट नाही. मी दाखला देऊ शकतो, तो बहुधा पोचेलही. पण नऊ तास एकटा, अंधारात. तुम्ही घरी बोलून ठरवा."

भगिनींनो, मी दोन दिवस बोलले नाही. ह्यांना नाही, मुलीला नाही. खरे सांगते, मोती जायला नको असे मला वाटत होतेच. मुलगी गेली, ह्यांची मुरबाडला कारखान्यात रात्रपाळी, सासूबाईंना ऐकू कमी येते. रात्री पडवीत त्याचा श्वास ऐकू आला की मला झोप लागते. आता डॉक्टरांचे बोलणे सांगितले तर मुलीला वाटेल, आईने आपल्या सोयीसाठी निमित्त काढले. न सांगावे तर ती त्याला नेईल, आणि वाटेत काही झाले तर? चुलीपुढे बसून हाच विचार. शेवटी तिसऱ्या दिवशी फोन करून दोन्ही सांगितले. डॉक्टर काय म्हणाले ते, आणि मला काय वाटते तेही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू दोन दिवस का थांबलीस ते कळले मला."

ती आली ती सायंकाळच्या एस.टी.ने. मोती फाट्यावर होताच. तो उड्या मारील असे आम्हाला वाटले होते. त्याने तिचे पाय हुंगले, तिथेच आडवा झाला आणि डोळे मिटले. आम्ही घाबरलो, पण तो नुसता निजला होता. तीन आठवडे ती पडवीत त्याच्याजवळ निजली. निघायच्या आदल्या रात्री तिने कागदांचा डबा माझ्या हाती दिला आणि म्हणाली, "आई, याला राहू दे." दुसरे काही बोलली नाही.

मोती आता साडेअकरा वर्षांचा आहे. औषधाची गोळी गुळातून घेतो. फाट्यावर जातो, पण पावसात मध्येच परततो. मुलगी रविवारी फोनवरून त्याला हाक मारते, तेव्हा तो फोनच्या मागे जाऊन पाहतो.

पिंजऱ्यात गेल्या महिन्यापासून खुडुक कोंबडी बसली आहे. पिल्ले निघाली की तो रिकामा होईल. तुमच्यापैकी कोणाच्या मुलामुलीला कुत्रामांजर विमानाने न्यायचे असेल तर घेऊन जा, भाडे नको. फक्त आधी माप घेऊन या, आणि ते कानापर्यंत घ्या.