मुलाचा ताबा : न्यायालय नेमकं काय पाहतं?

मी निवृत्त कर्नल. ३२ वर्षं फौजेत काढली, आता इंदूरला राहतो. मी वकील नाही हे आधीच सांगतो. आजचा विषय मी शिकलो तो कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून. माझा मुलगा आणि सून वेगळे झाले, तेव्हा नातू सहा वर्षांचा होता. त्या दोन वर्षांत माझ्या हातून काही चुका झाल्या. त्या तुमच्या हातून होऊ नयेत, म्हणून इथे उभा आहे. घरच्यांची नावं आणि त्यांच्या शहराचं नाव घेणार नाही, तेवढं समजून घ्या.

'ताबा' हा शब्द मी आयुष्यभर एकाच अर्थाने वापरला. चौकीचा ताबा. चौकी घेतली की ती आपली, मग समोरच्याला तिथे पाय ठेवू द्यायचा नाही. मुलाने फोनवर सांगितलं, "बाबा, ताब्याचा अर्ज करावा लागणार," तेव्हा माझ्या डोक्यात तेच चित्र आलं. मी लगेच कामाला लागलो आणि एक फाईल तयार केली. सून कधी उशिरा घरी आली, कधी कोणाशी काय बोलली, कोणत्या सणाला आली नाही, सगळं तारीखवार लिहिलं.

वकीलबाईंनी फाईल शांतपणे चाळली. म्हणाल्या, "कर्नलसाहेब, तुमची सून कशी आहे ते यात आहे. पण मुलगा कुठे आहे?"

मी म्हणालो, "बाहेर बसलाय."

"तुमचा नाही हो, त्यांचा मुलगा. तो या फाईलमध्ये कुठेच नाही."

खरंच नव्हता. तो किती वाजता झोपतो, शाळेत कोणाशेजारी बसतो, ताप आला की कोणाला हाक मारतो, यातलं एक अक्षर नव्हतं. आणि न्यायालयाला पाहायचं असतं ते नेमकं हेच.

आता कायदा थोडक्यात सांगतो. मुलांच्या ताब्यासाठी सर्व धर्मीयांना लागू असलेला पालक आणि पाल्य कायदा १८९० चा आहे. हिंदूंसाठी त्याच्या जोडीला १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे. घटस्फोटाच्या दाव्यात हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ येतं. कायदे तीन असले तरी गाभा एकच : अज्ञान मुलाचं हित सर्वांत वर. आईचा हक्क, बापाचा हक्क, आजोबांचं नाव, हे सगळं त्याच्या खाली. मुलं ही आईबापांची मालमत्ता किंवा खेळणी नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगून ठेवलं आहे.

हित ठरवताना न्यायाधीश काय पाहतात? मुलाचं वय, ताबा मागणाऱ्याचा स्वभाव आणि ऐपत, मुलाशी आजवरचं नातं. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छाही विचारात घेतात. पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईजवळ राहावं, असं १९५६ चा कायदा म्हणतो. पण त्यात 'साधारणपणे' हा शब्द महत्त्वाचा आहे. विशेष कारण असेल तर निर्णय वेगळाही होतो.

इथे एक फरक ध्यानात घ्या. ताबा म्हणजे मूल राहतं कोणाकडे. पालकत्व म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेतं कोण. पूर्वी वडील आधी आणि त्यांच्यानंतर आई, असं धरलं जायचं. १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातल्या त्या 'नंतर'चा अर्थ लावला. वडील हयात असले, पण मुलाच्या कारभारात त्यांचं लक्षच नसेल, तर आई नैसर्गिक पालक ठरते. थोडक्यात, नुसतं बाप असणं पुरत नाही, मुलाचं करावं लागतं.

फौजेतल्या माणसाला एक प्रश्न हमखास पडतो. आमच्या बदल्या होतात, नॉन-फॅमिली स्टेशन येतं. मग आम्ही आधीच हरलो का? मी दोन निकाल वाचले. दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे आणि दोन्हींत वडील लष्करी अधिकारी.

पहिला २०१७ चा. मुलगी अगदी लहानपणापासून वडिलांकडे वाढलेली आणि तिलाही तिथेच राहायचं होतं. तरी न्यायालयाने तिला आईकडे पाठवलं. कारण, आई कशी आहे हे त्या मुलीला कळायची संधीच मिळाली नव्हती. वडील नोकरीवर असताना ती आजीआजोबांजवळ राहणार, आणि आजीआजोबा म्हणजे आई नव्हे, याचाही विचार झाला. ते वाचताना मी खुर्चीत सावरून बसलो. आजोबा म्हणजे मीच की!

दुसरा २०२४ चा. इथे उच्च न्यायालयाने दोन मुलांचं संगोपन आईवडिलांत वाटून दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून मुलं वडिलांकडेच ठेवली. दोन्ही मुलांनी न्यायाधीशांशी झालेल्या बोलण्यात वेळोवेळी तीच इच्छा सांगितली होती. फौजेत अधिकाऱ्याच्या कुटुंबाला भक्कम आधार असतो, हेही न्यायालयाने नोंदवलं. एकाने दुसऱ्याविरुद्ध मुलांचे कान भरले, असा नुसता आरोप चालत नाही, ठोस प्रसंग दाखवावे लागतात, हेही त्या निकालात आहे.

एका अधिकाऱ्याकडून मुलगी गेली, दुसऱ्याकडे मुलं राहिली. यात विरोधाभास नाही. मुलं वेगळी होती, त्यांचं वय आणि त्यांचे दिवस वेगळे होते, म्हणून उत्तरं वेगळी आली. दुसऱ्याचा निकाल दाखवून आपला मागता येत नाही.

आता माझी चूक सांगतो. आधी एक छोटी. मी मुलाला म्हणालो होतो, "पोराला घेऊन सरळ इंदूरला ये. इथली शाळा बघतो मी." वकीलबाईंनी अडवलं. मूल नेहमी जिथे राहतं, त्या भागातल्या न्यायालयात अर्ज चालतो. रातोरात राज्य बदलून फायदा होत नाही, उलट मुलाची शाळा तोडणारा माणूस म्हणून आपलीच नोंद होते.

मोठी चूक पुढे झाली. न्यायाधीश नातवाशी त्यांच्या दालनात बोलणार होत्या. आदल्या संध्याकाळी मी त्याला मांडीवर घेतलं आणि चक्क ब्रीफिंग दिलं. "मॅडमनी विचारलं की सांगायचं, मला बाबांकडे राहायचं आहे, कारण तिथे माझ्या अभ्यासाची शिस्त राहते." चार वेळा म्हणून घेतलं. त्या रात्री तो जेवला नाही. पहाटे अंथरूण ओलं होतं. तीन वर्षांत असं झालं नव्हतं.

दालनात काय झालं ते मला पुढे समुपदेशक बाईंकडून कळलं. त्याने आत जाताच, कोणी काही विचारायच्या आधी, सावधान उभं राहून ते वाक्य म्हणून टाकलं. न्यायाधीशांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुला पोहता येतं का?" मग तो पंधरा मिनिटं बोलत राहिला. पोहायला बाबा नेतो. गोष्ट आई सांगते. शाळेतून आल्यावर घरात आवाज आले की तो कपाटामागे जाऊन बसतो. शेवटी त्याने विचारलं, "मी चुकीचं सांगितलं तर आजोबा रागावतील का?"

मंडळी, मी गोळीबार पाहिलेला माणूस आहे. पण हे ऐकून मी त्या व्हरांड्यात बसून राहिलो, मला उठता येईना. सहा वर्षांच्या पोराला मी एका बाजूचा साक्षीदार केला होता. न्यायाधीशांना ते पहिल्या वाक्यातच कळलं होतं. सहा वर्षांचं मूल 'शिस्त राहते' असं म्हणत नाही.

आता संयुक्त ताब्याकडे येतो. आपल्या या जुन्या कायद्यांत ही व्यवस्था स्पष्ट शब्दांत मांडलेली नाही. न्यायमूर्ती अ. प्र. शाह अध्यक्ष असताना विधी आयोगाने मे २०१५ मध्ये आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताबा कायद्यात आणावा, अशी शिफारस केली. कायदा काही झाला नाही. पण मुलाच्या हितासाठी योग्य तो आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला आहेच, आणि त्या अधिकारात असे आदेश होतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ साली एका मुलासाठी जानेवारी ते जून वडिलांकडे आणि जुलै ते डिसेंबर आईकडे, अशी वाटणी केली. शनिवार-रविवारी दुसऱ्याने भेटायचं आणि शिक्षणाचा खर्च निम्मा-निम्मा.

पण अशी वाटणी सरसकट होत नाही. बहुतेक ठिकाणी मूल एकाकडे राहतं आणि दुसऱ्याला भेटीचा व सुट्ट्यांचा हक्क मिळतो. संयुक्त ताबा जमायला व्यवहारातल्या काही गोष्टी लागतात. दोन्ही घरं शाळेपासून जवळ हवीत. मुलाचं वय आणि तब्येत दोन घरं झेपणारी हवी. आईबाप निदान औषध, अभ्यास आणि फी यांबद्दल एकमेकांशी बोलू शकायला हवेत. ज्यांचं दर आठवड्याला दारात भांडण होतं, त्यांच्या मुलाला संयुक्त ताबा म्हणजे आठवड्यातून दोनदा भांडणाची हजेरी. आणि घरात मारहाण किंवा व्यसन असेल, तर न्यायालय आधी मुलाची सुरक्षितता पाहतं. तिथे गरज पडल्यास कोणाच्या तरी देखरेखीखालीच भेट ठरते.

आईवडील दोन वेगळ्या राज्यांत असतील तर? आपल्या महाराष्ट्राबाहेरच्या घरांत हा प्रश्न नेहमीचा. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुलाला आईवडील दोघांच्या प्रेमाचा हक्क आहे. अंतर जास्त असेल तर लांब सुट्ट्या द्याव्यात, आणि खास अडचण नसेल तर दूरच्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं. व्हिडिओ कॉलचाही त्यात उल्लेख आहे.

त्या दालनातल्या भेटीनंतर मी फाईल बंद केली आणि सुनेला फोन लावला. म्हणालो, "सूनबाई, परवा जे झालं ते मी पढवलं होतं. तुझ्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं. माझं चुकलं." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, तो दोन दिवस तुमच्याबद्दलच विचारतोय. आजोबा चिडलेत का म्हणून. त्याच्याशी बोला आधी." बोललो. त्याला सांगितलं की चूक आजोबांची होती, त्याची नव्हती.

पुढे समुपदेशकांसमोर पाच बैठका झाल्या. कौटुंबिक न्यायालयात आधी समेटाचा प्रयत्न होतो, १९८४ च्या कायद्यानेच तसं सांगितलं आहे. समेट म्हणजे पुन्हा संसार मांडणं असंच नाही. मुलापुरतं एकमत झालं तरी पुष्कळ असतं. आमच्याकडे ठरलं ते असं : शाळेचे दिवस आईकडे. एकाआड एक शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र बाबाकडे, शिवाय दर बुधवारी पोहणं बाबाबरोबर. मोठी सुट्टी निम्मी-निम्मी. दिवाळी एका वर्षी इकडे, एका वर्षी तिकडे. शाळा आणि मोठे औषधोपचार दोघांच्या संमतीने. न्यायाधीशांनी ते वाचून दोघांना प्रश्न विचारले, कारण आईबापांचं एकमत झालं तरी मुलाचं हित तपासायचं काम न्यायालयाचंच. मग आदेश झाला. हा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो. मूल मोठं होतं, नोकऱ्या बदलतात, तेव्हा बदल मागता येतो.

फौजेत चार्ज देणं-घेणं असतं. जाणारा अधिकारी येणाऱ्याला एकेक वस्तू मोजून देतो, काय बिघडलंय तेही सांगतो, आणि मगच निघतो. त्यात राग-लोभ आणायचा नसतो. मी मुलाला आणि सुनेला तेवढंच सुचवलं. नातवाच्या दप्तरात एक छोटी वही आहे. शुक्रवारी सूनबाई लिहिते : खोकला आहे, औषध रात्री एकदा, गणिताचं पान राहिलंय. रविवारी मुलगा लिहितो : खोकला कमी, पान झालं, दात हलतोय. एकमेकांशी बोलायचा धीर नव्हता, त्या महिन्यांत सगळा कारभार त्या वहीवर चालला.

तुमच्या घरात असा प्रसंग आलाच, तर न्यायालयात जाण्याआधी एक कागद घ्या आणि मुलाचा मंगळवार लिहून काढा. सकाळी कोण उठवतं, डबा कोण भरतं, बसथांब्यावर कोण उभं राहतं, रात्री कोणाच्या अंगावर पाय टाकून झोपतं. त्यातलं तुम्ही आज किती करता आणि उद्या किती करू शकाल, ते खरंखरं लिहा. समोरच्याच्या चुकांची फाईल त्यानंतर उघडावीशी वाटली तर उघडा. आणि माझ्यासारख्या आजीआजोबांना विनंती : पोराला काहीही पढवू नका. त्याच्यासमोर त्याच्या आईला किंवा बापाला नाव ठेवू नका.

गेल्या उन्हाळ्यात नातू पंधरा दिवस इंदूरला होता. आता नऊ वर्षांचा आहे. वही आणली होती. मी उघडली तर त्यात त्याच्या आईच्या अक्षरात पहिली ओळ होती : "आजोबांना सांगावे, रात्री दिवा लागतो."

रोज रात्री मी तो दिवा लावला.